ज्वारीच्या मुलखातले रेशन

आज 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. नांदेडला आणि लातूरला सकाळी झेंडावंदन होईल, हुतात्म्यांच्या स्मारकांवर फुले वाहिली जातील, सिंचनाचे आणि रेल्वेचे आकडे भाषणांतून सांगितले जातील. मुक्तिसंग्रामातला एक धागा मात्र या भाषणांत क्वचितच येतो, तो म्हणजे लेव्ही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजामाच्या राजवटीने कास्तकारांकडून सक्तीने धान्य उचलायला सुरुवात केली. किती द्यायचे ते सरकार ठरवी, भावही सरकारच ठरवी. खळ्यावरची रास घरात यायच्या आधी त्यातला सरकारी वाटा निघे. 1947-48 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते करोडगिरीची (जकातीची) नाकी उद्ध्वस्त करत होते, शिंदीची झाडे तोडत होते, त्याच लढ्यात गावोगाव लेव्हीलाही विरोध झाला. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे त्या पिढीला कणगीतल्या ज्वारीवरून समजत होते.

पुढे उलटे झाले. धान्य नेणारे सरकार गेले आणि धान्य देणारे सरकार आले. ही बाब लहान नाही. 1972 च्या दुष्काळात मराठवाडा उपाशी मेला नाही, याचे श्रेय रोजगार हमीच्या कामांना, त्या कामांवर वाटलेल्या सुकडी या पौष्टिक पिठाला आणि रेशनवर आलेल्या मिलोला आहे. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. ती खाल्लेली माणसे अजून गावोगाव आहेत. तिची भाकरी धड थापली जात नव्हती आणि चवही परकी होती, असे ती सांगतात. पण त्या वर्षी चूल तिच्यावरच पेटली, हेही तीच माणसे सांगतात.

तेव्हा सातासमुद्रापारहून का होईना, रेशनवर ज्वारी आली होती. आज ज्वारीच्या या मुलखात सरकारी दुकानातून बहुतेक महिने गहू आणि तांदूळ मिळतो. आणि शेतकऱ्यांच्या एका मोठ्या वर्गाला तर तोही मिळत नाही, त्याच्याऐवजी खात्यात पैसे येतात. या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. अन्न व नागरी पुरवठा विभागाने मराठवाड्याच्या ताटाकडे कधी मराठवाड्याचे ताट म्हणून पाहिलेले नाही.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. महाराष्ट्रात तो 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. राज्यातल्या ग्रामीण लोकसंख्येपैकी 76.32 टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी 45.34 टक्के, म्हणजे सुमारे 7 कोटी माणसे त्याच्या छत्राखाली आली. अंत्योदयच्या कुटुंबाला महिन्याला 35 किलो, प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला 5 किलो. तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया किलो, असे दर कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेले होते. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत झाले. भरड धान्य म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणी. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गहू-तांदळाच्या पलीकडचा देशही होता, एवढे तरी त्या तिसऱ्या दरावरून दिसते.

पण रेशनच्या धान्याचे नियतन ठरते ते गोदामात काय आहे त्यावरून. भारतीय अन्न महामंडळाकडे पंजाब-हरियाणाचा गहू असतो, पंजाब-छत्तीसगडचा तांदूळ असतो. तो रेल्वेने येतो, महामंडळाच्या गोदामातून तालुक्याच्या शासकीय गोदामात जातो आणि तिथून द्वारपोच गाडीने दुकानात. जिल्हा पुरवठा कार्यालय, तहसीलचा पुरवठा विभाग, गोदामपाल आणि दुकानदार या साखळीत प्रत्येकाकडे आकडा असतो: किती क्विंटल आले, किती उचलले, किती वाटले. ते धान्य घेऊन गेलेल्या बाईने त्याचे काय केले, याचा रकाना कोणत्याच कागदावर नाही.

त्या बाईने त्यातला तांदूळ बहुधा विकलेला असतो. नांदेड-लातूरच्या खेड्यांत हे उघड गुपित आहे. वाटप झाले की एक-दोन दिवसांत एखादा ‘छोटा हत्ती’ टेम्पो गावात येतो, त्यावरचा भोंगा ‘कंट्रोलचा तांदूळ’ घेण्यासाठी पुकारा करतो, लोक पिशव्या घेऊन बाहेर येतात. शहरातला सुशिक्षित माणूस हे ऐकून चिडतो: फुकट देतात आणि हे विकतात! त्या चिडण्याला माझी सहमती नाही. ज्या घरात दोन वेळा भाकरी थापली जाते, त्या घराला महिन्याला पंधरा-वीस किलो तांदूळ दिला तर ते घर तो किती खाणार? गृहिणी तो पडत्या भावाने विकते आणि आलेल्या पैशात बाजारातून ज्वारी आणते. सरकारने महाग घेतलेले, दूरवरून आणलेले धान्य व्यापाऱ्याला स्वस्तात जाते आणि गरिबाच्या पदरात निम्मीअर्धी ज्वारी पडते. या व्यवहारात चोर शोधायचा असेल तर तो पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईमध्ये शोधू नये.

मोठी गळती वरच्या टप्प्यांवर होते, हे नांदेडने पाहिलेले आहे. जुलै 2018 मध्ये नायगाव तालुक्यातल्या कृष्णूर औद्योगिक वसाहतीत एका खासगी धान्य कारखान्यात रेशनचा गहू-तांदूळ घेऊन आल्याच्या संशयावरून पोलिसांनी ट्रक पकडले. तपास पुढे सीआयडीकडे गेला आणि हे प्रकरण राज्यभर गाजले. त्यातल्या दोषांचा निवाडा न्यायालयाचा. पण एक गोष्ट तेव्हाच स्पष्ट झाली होती. दुकानातल्या अंगठ्यावर पहारा ठेवून भागत नाही, गोदाम आणि दुकान यांच्यामधल्या रस्त्यावर लक्ष हवे. त्यानंतरही प्रशासनाची बहुतेक ताकद अंगठ्यावरच खर्च झाली.

अंगठा कसा लागतो, हे एकदा दुकानात उभे राहून पाहावे. दुकानदार बारा आकडी क्रमांक यंत्रात टाकतो, पडद्यावर घरातल्या माणसांची नावे येतात, एक नाव निवडतो आणि म्हणतो, ‘ठेवा अंगठा.’ लाल दिवा लागतो, यंत्र नकार देते. बाई अंगठा पदराला पुसते, पुन्हा ठेवते. मग केसांवरून फिरवते, कारण तेलाने ठसा उमटतो असे कुणीतरी सांगितलेले असते. मग तर्जनी, मग दुसरा हात. कापूस वेचून, खुरप्याने तण काढून, विटा उचलून बोटांवरच्या रेषा पुसल्या गेलेल्या असतात. यंत्राला हव्या असतात त्या रेषा तिच्याकडे उरलेल्याच नसतात. ‘पोराला पाठव संध्याकाळी,’ असे म्हणून दुकानदार पुढचा क्रमांक घेतो, आणि पोरगा पुण्याला किंवा हैदराबादला कामाला असतो. किनवट-माहूरच्या डोंगरात तर आधी रेंज शोधावी लागते. नव्या यंत्रांत डोळ्यांची बुबुळे तपासायची सोय आली, हे बरे झाले. पण 2024 च्या पावसाळ्यात सर्व्हरच बसला, तेव्हा बोट आणि बुबुळ दोन्ही निरुपयोगी ठरले आणि लोक दुकानाच्या पायरीवर ताटकळले. त्यानंतर कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवणारी ई-केवायसी आली. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, तरी म्हातारी माणसे आणि लहान मुले यांच्या नावापुढचे प्रश्नचिन्ह अनेक घरांत कायम राहिले.

दुकानदाराचीही बाजू आहे. त्याला क्विंटलमागे 150 रुपये मार्जिन मिळत होते, अलीकडे ते 170 झाले. चारशे माणसांचे दुकान असेल तर महिन्याला 20 क्विंटल धान्य, म्हणजे 3,400 रुपये. त्यात जागा, वीज, हमाली आणि मापातली घट. एवढ्यावर प्रामाणिक राहणारा दुकानदार असतोच, आणि तो असतो म्हणूनच व्यवस्था चालते. पण प्रामाणिकपणाची इतकी किंमत माणसाकडून वसूल करणारी रचना टिकाऊ नसते.

आता त्या शेतकऱ्यांकडे येऊ, ज्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः आहे. प्राधान्य कुटुंबात बसायला ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न 44,000 रुपयांच्या आत लागते. ही मर्यादा कायदा लागू होतानाची आहे. रोजगार हमीची 2025-26 मधली मजुरी दिवसाला 312 रुपये होती. नवरा-बायकोने मिळून 142 दिवस काम केले की ते कुटुंब कागदावर गरीब राहत नाही. शिवाय वरून इष्टांकाची टोपी आहे. 2011 च्या जनगणनेवर ठरलेली संख्या आजही तीच, त्यामुळे लग्न होऊन आलेल्या सुनेचे किंवा जन्मलेल्या मुलाचे नाव चढवायला गेले की तहसीलमध्ये उत्तर मिळते, ‘इष्टांक शिल्लक नाही.’ कुणी मेले, कुणी गाव सोडले, कुणाचे नाव कटले, तर जागा होणार. भुकेला मंजूर पदसंख्या लावल्यासारखे हे आहे.

केशरी, म्हणजे दारिद्र्यरेषेवरच्या, कार्डाचा शेतकरी या टोपीच्या बाहेर राहिला. दोन-तीन एकर कोरडवाहू, डोक्यावर बँकेचे आणि सावकाराचे कर्ज. 2014 आणि 2015 ही दोन वर्षे पावसाने सलग दगा दिला. पुढे एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ही त्याच दुष्काळाची अखेर. शेतकरी आत्महत्यांचे सत्र सुरू होते. याच दुष्काळात राज्य सरकारने ऑगस्ट 2015 पासून 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना अन्नसुरक्षा कायद्याच्याच दराने माणशी 5 किलो धान्य द्यायला सुरुवात केली. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते. बाकीचे अमरावती विभागातले पाच आणि वर्धा. हा निर्णय चांगला होता. सातबारा हातात असलेला माणूसही उपाशी असू शकतो, हे सरकारने लेखी मान्य केले होते.

मग 2022 उजाडले. मार्चमधल्या उष्णतेच्या लाटेने उत्तरेतला गहू होरपळला, युक्रेनच्या युद्धाने जगभर भाव चढले, मे महिन्यात केंद्राने गहू निर्यात थांबवली, आणि सरकारी खरेदी कित्येक वर्षांत नव्हती इतकी घसरली. अन्नसुरक्षा कायद्याबाहेरच्या योजनांना आधी गहू आणि मग तांदूळही देता येणार नाही, असे राज्याला कळवण्यात आले. परिणाम हदगावच्या आणि अहमदपूरच्या शेतकऱ्याच्या पिशवीवर झाला. जानेवारी 2023 पासून या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये कुटुंबातल्या प्रमुख महिलेच्या खात्यात देण्याचे ठरले. जून 2024 मध्ये ही रक्कम 170 झाली.

पंजाबात गहू कमी पिकला म्हणून मराठवाड्याच्या शेतकऱ्याचे रेशन थांबते, यात काहीतरी मुळातूनच चुकलेले आहे. तो शेतकरी स्वतः धान्य पिकवणारा आहे. त्याच्या जिल्ह्यात ज्वारी होते. ती विकत घेऊन त्याच्याच तालुक्यात वाटण्याचा विचार तेव्हा झाला असता, तर रोख रकमेची वेळच आली नसती.

रोख रकमेचा हिशेब मांडून पाहू. 5 किलोला 170 रुपये म्हणजे किलोला 34. केंद्राने 2024-25 साठी संकरित ज्वारीचा हमीभाव 3,371 रुपये क्विंटल ठरवला होता. 5 किलोचे 168 रुपये 55 पैसे. त्या वर्षी रक्कम आणि भाव यांचे गणित जेमतेम जुळत होते. 2025-26 चा हमीभाव 3,699 रुपये. 5 किलोचे 184 रुपये 95 पैसे होतात. म्हणजे सरकारने स्वतः ठरवलेल्या भावानेही 170 रुपयांत 5 किलो ज्वारी येत नाही. दुकानातला किरकोळ भाव तर हमीभावाच्या वरच असतो. दर वर्षी ज्वारीचा भाव वाढेल, 170 मात्र नवा शासन निर्णय होईपर्यंत 170 च राहतील. शिवाय पैसे मिळवायला अर्ज भरायचा, आधार जोडायचा, बँक पासबुकाची झेरॉक्स द्यायची. मिळालेले पैसे खात्यात पडले तरी ते खत-बियाण्यात, औषधात, कर्जाच्या व्याजात मिसळून जातात. पाच किलो धान्य घरात आले की ते शिजतेच.

रोखीच्या बाजूने बोलणारे म्हणतील, पैसे दिले की गळती थांबते, घेणाऱ्याला निवड मिळते. कृष्णूर पाहिलेल्या जिल्ह्यात या म्हणण्याला वजन आहे, हे मान्य. पण निवडीला अर्थ यायचा तर रकमेत पोटभर धान्य यायला हवे, आणि ती रक्कम भावाबरोबर चढायला हवी. इथे दोन्ही नाही. दुष्काळात, जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच बाजारात धान्य सगळ्यात महाग असते. तेव्हा धान्य साठवून ठेवलेले गोदाम कामाला येते, ठरलेली रक्कम येत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या परिसरात रातोरात पाणी चढले. अशा प्रसंगी घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना सरकार 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ देते. संकटात धान्यच लागते, हे प्रशासनाला ठाऊक आहे.

आता ज्वारीविषयी. लातूर परिसरात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. रानात कडब्याची कोप उभारायची, आत पाच पांडव मांडायचे, आंबील, भज्जी आणि उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा, चहूबाजूंनी उभ्या ज्वारीत बसून जेवायचे. हा सण मुळात रब्बी ज्वारीच्या रानाचा आहे. पण आता लातूर जिल्ह्यात खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा इतका पसरला आहे की बऱ्याच शिवारांत कोपीभोवती ज्वारी दिसत नाही. शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. ज्वारी राखायची म्हणजे पाखरे हाकायची, काढणीला मजूर मिळत नाही, खरिपाची ज्वारी परतीच्या पावसात सापडून काळी पडली की व्यापारी हात लावत नाही. सोयाबीन यंत्राने निघते आणि लगेच पैसा होते. ज्वारी गेली तशी कडब्याची पेंढी महाग झाली, कडबा महाग झाला तशी दावणीची जनावरे कमी झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण 2018 मध्ये दिला. अशक्त आया आणि मुलांच्या या प्रदेशाला त्याची किती गरज आहे! तो वाण पेरायला शेतकऱ्याजवळ कारण मात्र असायला हवे, आणि खात्रीचा खरेदीदार हे सगळ्यात मोठे कारण असते.

तो खरेदीदार पुरवठा विभाग होऊ शकतो. व्यवस्था आहेच. भरड धान्याची हमीभावाने खरेदी राज्य सहकारी पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ करते. अलीकडे काही जिल्ह्यांत काही महिने गव्हाच्या जागी रेशनवर ज्वारी आलीही. पूर्वी खरेदी केलेली ज्वारी तीन महिन्यांत वाटून संपवायचे बंधन होते, 2021 नंतर केंद्राने ती मुदत वाढवली. म्हणजे नियमाचा अडसर पूर्वीइतका राहिलेला नाही. अडचण वेगळीच आहे. खरेदी केंद्रे उशिरा उघडतात, नोंदणीसाठी पोर्टल चालत नाही, बारदाना नसतो, आणि तोपर्यंत गरजू शेतकऱ्याने माल आडतीवर घातलेला असतो. मालदांडी या रब्बी ज्वारीचा बाजारभाव तर पुष्कळदा हमीभावाच्या वर असतो, मग सरकारच्या काट्यावर कोण आणणार? तिथे राज्याने हमीभावावर स्वतःचा बोनस द्यावा. धानाला विदर्भात तो दिला गेलेला आहे. मराठवाड्याच्या ज्वारीने काय पाप केले?

हे केले तर केशरी कार्डाच्या शेतकऱ्याला दिल्लीच्या गोदामाकडे पाहावे लागणार नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपासून सुरुवात करावी. तालुक्यात घेतलेली ज्वारी त्याच तालुक्याच्या गोदामात ठेवावी आणि तिथल्याच दुकानांतून वाटावी. वाहतूक कमी झाली की रस्त्यात गायब व्हायला वावही कमी राहतो. ज्यांना रोखच हवी त्यांना ती मिळू द्यावी, पण ज्वारीच्या हमीभावाला बांधलेली, दर वर्षी आपोआप वाढणारी. आणि प्राधान्य कुटुंबांच्या तांदळातले दोन किलो कमी करून ज्वारी द्यावी. गावात येणाऱ्या त्या गाडीचा भोंगा आपोआप क्षीण होईल. कंधार, मुखेड, जळकोटहून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे कारखान्याच्या गावी धान्य मिळायला हवे. पण तिथल्या दुकानात कोटा पुरत नाही आणि इथे आजीजवळ राहिलेली मुले त्याच कार्डावर अवलंबून असतात. थोडी ज्वारी घेऊन ती कुटुंबे कोपीवर निघाली, तर निदान पहिला महिना निभेल.

रब्बी ज्वारीची पेरणी आता, सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. आजच्या समारंभात पालकमंत्र्यांनी खरेदीचा भाव, बोनस आणि केंद्रे उघडण्याची तारीख जाहीर केली, तर काळ्या रानात हरभऱ्याऐवजी ज्वारीची तिफण धरायची की नाही हे शेतकऱ्याला या पंधरा दिवसांत ठरवता येईल. घोषणा जानेवारीत झाली, तर पेरणी झालेली असेल.